गृहपाठावर तीन ओळी तरी लिहा

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचे लिखाण शिक्षकाच्या हाती पडते ते दोनच वेळा, गृहपाठाच्या वेळी आणि परीक्षेच्या वेळी. परीक्षेची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधून दूर कुठे तरी जाते आणि तिचा फक्त निकाल परत येतो. मग शिक्षकाने विद्यार्थ्याशी बोलावे अशी एकच जागा उरते, ती म्हणजे गृहपाठाचे पान. नेमकी तीच जागा आपण कोरी ठेवतो. पहिल्या पानावर लाल शाईत आकडा, त्याखाली सही, आणि काम संपले. ही रीत आता थांबली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. दूरशिक्षणात गृहपाठ तपासणे हेच शिकवणे आहे. ते नीट होत नसेल तर पुस्तके कितीही चांगली छापा, पदव्या कितीही वाटा, त्या अभ्यासक्रमात कोणी कोणाला शिकवलेले नसते.

गंगाखेडला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. आठवड्याचे सहा दिवस नियमित मुलांचे तास आणि रविवारी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांची संपर्कसत्रे, असे ते वेळापत्रक होते. निवृत्तीनंतर तास सुटले, पण समंत्रक म्हणून गृहपाठ तपासण्याचे काम मी सोडलेले नाही. परभणी जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या अभ्यासकेंद्रांवरचे, वेगवेगळ्या अभ्यासक्रमांचे गठ्ठे माझ्या टेबलावर येऊन गेले आहेत. पालम, सोनपेठ, पूर्णा, जिंतूर, सेलू इथून येणारी ही माणसे मी जवळून पाहिली आहेत. कोणी अंगणवाडी सेविका, कोणी आशाताई, कोणी एसटीचा वाहक, कोणी पोलीस शिपाई, कोणी लग्नामुळे बारावीनंतर शाळा सुटलेली आणि आता स्वतःची मुलगी दहावीला असलेली गृहिणी. संपर्कसत्राला यायचे तर यांचा दिवसाचा रोज बुडतो किंवा घरी कोणाची तरी बोलणी खावी लागतात. तरी ही माणसे येतात. ज्यांना येणे जमत नाही त्यांचा शिक्षकाशी संबंध फक्त गृहपाठापुरता असतो.

त्यातला एक प्रसंग सांगते, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. पालम तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या अंगणवाडी सेविका बीएच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या पेपरात प्रश्न होता, हंगामी स्थलांतराची कारणे सांगा. अंतर्गत गुणांची यादी लागली त्या दिवशी त्या केंद्रावर आल्या. यादीत त्यांना ३० पैकी २४ गुण होते. चांगलेच गुण म्हणायचे. पण त्यांचा प्रश्न निराळा होता. म्हणाल्या, "मॅडम, मार्काचं राहू द्या. मी जे लिहिलं ते बरोबर हे का चूक, तेवढं सांगा."

तो गठ्ठा मी तपासलेला नव्हता. पण कपाटात तो अजून होता, म्हणून काढून पाहिला. त्यांचे उत्तर चार पानांचे होते, अक्षर मोठे, परिच्छेद न पाडता एकटाक लिहिलेले. त्यांनी लिहिले होते की दसरा-दिवाळी झाली की तांड्यावरच्या जोड्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि अंगणवाडीच्या हजेरीपटावरची मुले कमी होतात, म्हणून हा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. पुढे लिहिले होते की ज्या वर्षी पाऊस चांगला झाला, सोयाबीन बरे पिकले, त्या वर्षीही तेवढीच माणसे गेली. कारण मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, बहुतेक वेळा लग्नाला किंवा दवाखान्याला. उचल घेतली की कोयता फिरवायला जावेच लागते, मग वावरात पीक असो की नसो.

त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे उत्तर होते. बेरोजगारी, दारिद्र्य, नैसर्गिक आपत्ती, शिक्षणाचा अभाव असे मुद्दे, प्रत्येकाखाली दोन-दोन वाक्ये. बाजारात मिळणाऱ्या गाइडमधून उतरवलेले, इतके की गाइडमधली छपाईची चूकही तशीच आली होती. त्यालाही २४ गुण होते. दोन्ही उत्तरांवर आकड्याखेरीज काहीही लिहिलेले नव्हते.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्या सेविकाताईंच्या उत्तराचे मोल लगेच कळायला हवे होते. दुष्काळ पडला म्हणून लोक गेले, असे आपण सरसकट लिहितो. पण हंगाम ठरायच्या आधीच कर्ज माणसाला बांधून ठेवते आणि चांगल्या पावसालाही ती गाठ सुटत नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मांडले होते. त्याचबरोबर उत्तरात उणिवाही होत्या. एका तांड्याच्या अनुभवावरून त्यांनी सगळ्या जिल्ह्याबद्दल विधान केले होते. पुस्तकातली संज्ञा कुठेही नव्हती. कारण कोणते आणि परिणाम कोणता यांची सरमिसळ झाली होती. मी त्यांच्या पानाखाली लिहिले ते असे: "उचल आणि पाऊस यांचा संबंध तुम्ही नेमका पकडला आहे, तो सोडू नका. मात्र हे एका तांड्याचे निरीक्षण आहे. शेजारी जिथे ओलिताची जमीन आहे, तिथून किती माणसे जातात ते विचारून घ्या. मग पुस्तकातल्या आकर्षण आणि विकर्षण घटकांत तुमची कारणे वाटून उत्तर पुन्हा लिहा." हे लिहायला चार-पाच मिनिटे लागली. २४ या आकड्याने त्यांना यातले काहीच कळवले नव्हते. आपण पाहिलेले खरे मानायचे की गाइडमधले, हा त्यांचा मूळ प्रश्न होता, आणि सारखे गुण देऊन व्यवस्थेने त्यांना सांगितले होते की दोन्ही सारखेच.

ही व्यवस्था उभी राहिली तेव्हाचा हेतू असा नव्हता. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू होते. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले गेले. दहावी-बारावीचा उंबरा ज्यांना ओलांडता आला नाही त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा मार्ग ठेवला गेला. शिक्षक समोर नसेल हे गृहीत धरून पुस्तके लिहिली गेली. त्यात आधी उद्दिष्टे, मग छोटे घटक, मध्येच थांबून सोडवायचे प्रश्न आणि शेवटी उत्तरे अशी मांडणी आहे. भाजीपाला उत्पादन, फळबागा उत्पादन अशा विषयांचे कृषी अभ्यासक्रमही आले. त्या आधी चार वर्षे, १९८५ मध्ये, दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले होते. इग्नूच्या रचनेत तर शिक्षकाने गृहपाठावर शेरे लिहावेत आणि तपासलेला गृहपाठ विद्यार्थ्याला परत मिळावा, हे गृहीतच आहे. मराठवाड्यासारख्या प्रदेशाला या सगळ्याचा मोठा आधार झाला. ज्या घरात आधी कोणी पदवीधर नव्हते अशा घरांत पदव्या गेल्या. माझी तक्रार मुक्त शिक्षणाबद्दल नाही. ते मला प्राणापलीकडे महत्त्वाचे वाटते, म्हणूनच त्यातला सगळ्यात नाजूक सांधा ढिला पडलेला मला पाहवत नाही.

नियम काय सांगतात तेही पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरशिक्षण विनियमांनुसार अंतर्गत, म्हणजे चालू सत्रातल्या मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला किमान ७० टक्के भार देता येतो. हे ३० टक्के ठेवण्यामागे कारण आहे. तीन तासांच्या परीक्षेत माणसाची आठवण तपासली जाते. घरी बसून, चार पुस्तके चाळून, दोन माणसांना विचारून लिहिलेल्या उत्तरात त्याची समज दिसते. शिवाय परीक्षा शेवटी येते. तिथे चूक कळून उपयोग नसतो. गृहपाठ मध्ये येतो, म्हणून तिथली चूक परीक्षेआधी सुधारता येते. पण त्यासाठी गृहपाठ परीक्षेआधी तपासून, शेऱ्यांसह विद्यार्थ्याच्या हातात पोचला पाहिजे. मी पाहते त्या बहुतेक ठिकाणी उलटे होते. गृहपाठ जमा करण्याची तारीख वाढत वाढत परीक्षेच्या तोंडावर येते. मग गठ्ठे घाईघाईने 'मारले' जातात, गुण ऑनलाइन भरले जातात आणि वह्या कपाटात पडून राहतात. विद्यार्थ्याला आपली वही पुन्हा दिसत नाही.

यावर मला हमखास ऐकू येणारे उत्तर असे: "अहो मॅडम, बिचारे कामधंदा सांभाळून शिकतात. पंचवीस-सव्वीस देऊन टाका, कशाला अडवायचे?" असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण या मायेचा हिशेब मांडून पाहावा. सगळ्यांना पंचवीस दिले की ज्याने काहीच केले नाही त्याचा फायदा होतो, आणि जिने रात्री स्वयंपाक-भांडी उरकून चार पाने मन लावून लिहिली तिच्या कष्टाची किंमत शून्य होते. त्याहून वाईट म्हणजे तिला पुढच्या वेळी कष्ट न करण्याचा सल्ला मिळतो. आणि ज्याला अंतर्गत २६ मिळाले त्याला जेव्हा लेखी परीक्षेत ७० पैकी १९ पडतात, तेव्हा तो चक्रावून जातो. आपले काय चुकते हे त्याला वर्षभर कोणी सांगितलेलेच नसते. मग तो विषय सोडतो किंवा नाव काढून टाकतो. अडवू नये म्हणून दिलेले गुण शेवटी त्यालाच अडवतात. नोकरी करून शिकणाऱ्या माणसाला दया नको असते. त्याचा वेळ थोडा असतो, म्हणून तो कुठे खर्च करावा हे त्याला कोणी तरी नेमके सांगायला हवे असते.

तपासणाऱ्यांची बाजूही मला मांडली पाहिजे, कारण मी त्यांच्यातलीच आहे. एका गृहपाठामागे मिळणारे मानधन तुटपुंजे असते आणि ते कधी मिळेल याची खात्री नसते. गठ्ठा शुक्रवारी येतो आणि सोमवारी गुण भरायचे असतात. तपासायचे कसे, कोणत्या उत्तराला किती, शेरा कसा लिहायचा, याचे धड प्रशिक्षण कोणी देत नाही. अनेकदा विषय एकाचा आणि तपासणारा दुसऱ्याच विषयाचा, असेही होते. अशा स्थितीत शिक्षक आकडा टाकून मोकळा होतो, तर दोष एकट्या त्याचा नाही. ज्या कामाला व्यवस्थेने किंमत दिली नाही ते काम तो उरकणार. म्हणून शिक्षकांना उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही. तपासणीला शिकवण्याइतकाच मान, वेळ आणि पैसा द्यावा लागेल.

हे जमते, याचा दाखला जगात आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ पासून तिथे विद्यार्थी शिकू लागले. गिरणीत, रेल्वेत, दवाखान्यात काम करणारी प्रौढ माणसे घरबसल्या शिकणार होती. त्यांचे गृहपाठ पोस्टाने शिक्षकाकडे जात. शिक्षक समासात शेरे लिहून, सोबतच्या फॉर्मवर सविस्तर अभिप्राय लिहून ते पोस्टानेच परत पाठवत. त्या विद्यापीठाने हे काम पहिल्यापासून अध्यापनात मोजले. एवढ्यावर न थांबता शिक्षकांनी तपासलेल्या गृहपाठांतले काही नमुने अनुभवी प्राध्यापक पुन्हा वाचत. गुण बरोबर आहेत का हे तर पाहतच, पण शेरे विद्यार्थ्याला उपयोगी पडतील असे आहेत का हेही पाहत आणि तसे शिक्षकाला कळवत. संगणकाने तपासायचे पर्यायी प्रश्नही तिथे होते. पण शिक्षकाच्या तपासणीच्या जोडीला होते, तिच्या जागी नव्हते. हे सारे हातातल्या फोनवर फोटो पाठवता येत नव्हता त्या काळात, पोस्टाच्या पाकिटांवर चालले.

शेऱ्याचा उपयोग खरोखर होतो का, हेही तपासले गेले आहे. रूथ बटलर या संशोधक बाईंनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त शेरे, तिसऱ्याला गुण आणि शेरे दोन्ही. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांचे पुढचे काम सुधारले आणि विषयातली गोडीही टिकली. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांची गत जवळपास फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. आकडा दिसला की शेरा वाचला जात नाही. हे मुलांबद्दल आहे, पण प्रौढांच्या बाबतीतही माझा अनुभव हाच आहे. म्हणून माझी एक सूचना अशी की गृहपाठ परत देताना आधी शेरे द्यावेत. आठ-पंधरा दिवसांत सुधारून लिहायची एक संधी द्यावी आणि अंतिम आकडा त्यानंतर भरावा. यासाठी गृहपाठाची तारीख सत्राच्या मध्यावर ठेवावी लागेल आणि ती वाढवण्याची सवय मोडावी लागेल. त्याला नवा कायदा लागत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. 'कारणे सांगा', 'महत्त्व स्पष्ट करा', 'टीप लिहा' असे प्रश्न वर्षानुवर्षे तेच असले की त्यांची तयार उत्तरे झेरॉक्सच्या दुकानात मिळणारच. आधी ती गाइडमध्ये होती, मग व्हॉट्सअॅपवर पीडीएफ फिरू लागल्या, आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारला की क्षणात दोन पाने उत्तर येते. तेच उत्तर पाच वह्यांत पाच अक्षरांत मी वाचले आहे. कधी कधी तर पाच वह्यांत एकच अक्षर असते, धाकट्या भावाचे किंवा पैसे घेऊन लिहून देणाऱ्याचे. याला पहारा आणि शिक्षा हे उत्तर नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर फक्त त्या विद्यार्थ्यालाच देता येईल, तसा प्रश्न विचारणे हे उत्तर आहे.

आपल्या जिल्ह्यात अशा प्रश्नांना काय तोटा आहे? कृषी पदविकेच्या विद्यार्थ्याला विचारा की तुमच्या शिवारात 'परभणी मोती' ज्वारी पेरणाऱ्या एका शेतकऱ्याचा एकरी खर्च आणि उत्पन्न मांडा आणि कडब्याची किंमत धरल्यावर हिशेब कसा बदलतो ते सांगा. ही जात परभणीच्याच कृषी विद्यापीठाने दिलेली आहे, तेव्हा ज्ञान कुठून निघाले आणि शेतापर्यंत कसे पोचले हेही त्याला कळेल. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला आपल्या गावच्या ग्रामसभेला बसवा. किती बाया आल्या, कोण बोलले, कोणता विषय टळला, हे लिहायला सांगा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला चारठाण्याच्या देवळांसमोर उभे करा, किंवा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली तेव्हाच्या कोणत्या आठवणी घरात सांगितल्या जातात ते टिपून आणायला लावा. मराठीच्या विद्यार्थिनीला आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेऊ द्या. जनाबाईंच्या गंगाखेडात हे काम घराघरात होऊ शकते. अशा उत्तरांना गाइड नसते. आणि ती तपासताना शिक्षकालाही वाचावेसे वाटते. एका तांड्यावरच्या बाईंनी उचलीबद्दल मला जे शिकवले ते मी कोणत्याही ग्रंथात तितक्या स्पष्टपणे वाचलेले नव्हते.

तिसरी गोष्ट विश्वासाची. अंतर्गत गुण सढळ असतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच नोकरीच्या मुलाखतीत 'बाहेरून केलेली पदवी' असा उच्चार होतो आणि समोरचा माणूस खाली पाहतो. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. कागदावर बरोबरी झाली. लोकांच्या मनात ती होण्यासाठी त्या पदवीमागचे गुण कोणालाही उघडून पाहता येतील इतके स्वच्छ हवेत. त्यासाठी प्रत्येक गठ्ठ्यातले थोडे गृहपाठ दुसऱ्या केंद्रावरच्या शिक्षकाने पुन्हा वाचावेत. कोणत्या वह्या वाचायच्या ते आधी कोणाला माहीत नसावे. एखाद्या केंद्रावर सगळ्यांचे अंतर्गत गुण पंचविशीच्या वर आणि लेखी गुण विशीच्या आत असतील, तर विद्यापीठाने तिथे माणूस पाठवून कारण समजून घ्यावे. दोन्हींतले अंतर हा गुन्ह्याचा पुरावा नाही. लिहायचा सराव नसलेल्या माणसाला तीन तासांत पेपर पुरा होत नाही, हे मी जाणते. पण कारण विचारलेच गेले नाही, तर त्या सराव नसलेल्या माणसालाही मदत मिळत नाही.

विद्यार्थ्याचा हक्क म्हणूनही याकडे पाहायला हवे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात निकाल दिला की परीक्षार्थीला माहितीच्या अधिकाराखाली आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते आणि तिची प्रत मिळवता येते. अंतिम परीक्षेच्या पेपरबद्दल हा हक्क इतका स्पष्ट झाला असताना, ज्या गृहपाठावर जवळपास एक तृतीयांश निकाल ठरतो तो मात्र विद्यार्थ्याच्या नजरेला पडू नये, हे कुठल्या न्यायाला धरून आहे? तपासलेला गृहपाठ मागावा लागू नये, तो आपणहून परत यावा. आणि विद्यार्थ्यांनीही मागायला शिकले पाहिजे. 'किती पडले' असे विचारून थांबू नका. 'काय चुकले' असे विचारा. फी भरली आहे तुम्ही, हा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

खर्चाचे कारण पुढे केले जाईल. विद्यार्थी फार, शिक्षक थोडे, हे खरे आहे. पण मी सुचवते ते फार महाग नाही. प्रत्येक गृहपाठावर तीन ओळी अनिवार्य करा: काय जमले, काय राहिले, आता काय करावे. ज्या वहीवर या तीन ओळी नाहीत तिचे गुण संगणकात भरता येऊ नयेत, एवढी सोय करणे अवघड नाही. समंत्रकांचे सत्राच्या सुरुवातीला एक दिवसाचे शिबिर घ्या आणि त्यात भाषणे न ठेवता सगळ्यांना तेच चार गृहपाठ तपासायला द्या. एकाच उत्तराला एक जण बारा देतो आणि दुसरा सव्वीस, हे समोरासमोर दिसले की मोजमाप आपोआप जवळ येते. ज्याला लिहायला वेळ नाही त्याने विद्यार्थ्याला दोन मिनिटांचा आवाजी निरोप फोनवर पाठवावा. मी तो मार्ग वापरते. शेतात, बसमध्ये, स्वयंपाक करताना विद्यार्थी तो ऐकतात आणि पुन्हा ऐकतात. आणि मानधन वाढवा, वेळेवर द्या. इमारतींवर, जाहिरातींवर, पदवीदान समारंभांच्या मांडवांवर पैसा लागतोच. त्यातला थोडा इकडे वळवला तरी शिकवणे सुरू होईल.

काही जण म्हणतील, सगळेच बहुपर्यायी करा, यंत्र तपासेल, पक्षपात राहणार नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, अंतिम वर्षाच्या परीक्षा आपण बहुतांशी तशा घेतल्या. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता. पण चार पर्यायांतला एक निवडणाऱ्याला स्वतःचे एक वाक्यही लिहावे लागत नाही. ज्यांना आयुष्यात लेखी मांडण्याची संधी पहिल्यांदाच मिळते आहे, त्यांच्याकडून ती काढून घेऊ नका. अर्ज करणे, तक्रार मांडणे, ग्रामसभेत आपला मुद्दा लिहून देणे, हे बळ पदवीने द्यायचे असते. ते गोलात टिंब करून येत नाही.

म्हणून विद्यापीठांना माझे सांगणे आहे की येत्या सत्रापासून निदान एका विषयात, जिल्ह्यातल्या निदान एका केंद्रावर हे करून पाहावे. मध्यावर गृहपाठ, आधी शेरे, सुधारण्याची संधी, मग गुण आणि दुसऱ्या शिक्षकाची फेरतपासणी. वर्षाअखेरीस त्या केंद्राचे लेखी निकाल आणि गळती शेजारच्या केंद्राशी ताडून पाहावी. सहकारी शिक्षकांना सांगणे आहे की व्यवस्था सुधारेपर्यंत थांबू नका, हातातल्या गठ्ठ्यापासून सुरुवात करा. आणि पालम-सोनपेठपासून जिंतूर-सेलूपर्यंत जे कोणी रात्री दिव्याखाली गृहपाठ लिहीत आहेत त्यांना सांगते, गाइड मिटून ठेवा आणि तुम्ही पाहिलेले लिहा. ते बरोबर आहे की चूक, हे तुम्हाला सांगणे आमचे काम आहे, आणि ते आमच्याकडून करून घ्या.